हद्दीचा दगड आणि बाटलीवरचे नाव

मध्य प्रदेशात भौगोलिक मानांकनाची हौस गेल्या काही वर्षांत बरीच वाढली आहे. चंदेरी, माहेश्वरी, बाघ छपाई, झाबुआचा कडकनाथ, रतलामी शेव, सिहोर-विदिशाचा शरबती गहू अशी यादी लांबत चालली आहे आणि आपल्या इंदुरातही पोह्यांना, शिकंजीला, लवंग शेवेला असे मानांकन मिळावे ही मागणी अधूनमधून जोर धरते. मागणीत गैर काहीच नाही. मात्र प्रमाणपत्र हाती आल्यावर कोणी कोणावर बंधन घालायचे, ते मोडले तर कोण अडवणार आणि त्या नावाचा पैसा शेवटी कोणाच्या घरी जाणार, हे प्रश्न सत्कार समारंभात कोणी काढत नाही. या प्रश्नांशी अडीचशेहून अधिक वर्षे झुंजत आलेला एक प्रदेश पोर्तुगालमध्ये आहे: पोर्ट वाईनचे माहेर असलेले डोरो नदीचे खोरे. त्याच्या इतिहासावरून मला दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. जागेचे नाव राखायचे असेल तर आधी आपल्याच माणसांना आवरावे लागते. आणि हे काम करणारी यंत्रणा मूळ उत्पादकाला उपाशी ठेवत असेल तर राखलेल्या नावाची मिळकत भलत्याच्याच खिशात जाते. आपल्या राज्यात पहिल्या गोष्टीची टाळाटाळ चालू आहे आणि दुसरीची अद्याप चर्चाही नाही.

डोरो स्पेनमधून पोर्तुगालमध्ये शिरते आणि पश्चिमेला पोर्तो शहरापाशी अटलांटिकला मिळते. द्राक्षबागा समुद्रकाठी नाहीत; त्या बऱ्याच आत, माराव डोंगररांगेच्या आडोशाला सुरू होतात. ही रांग समुद्रावरून येणारे ढग अडवते, त्यामुळे खोऱ्याच्या पश्चिम टोकाला वर्षाकाठी सुमारे ९०० मिलिमीटर पडणारा पाऊस पूर्वेला स्पेनच्या हद्दीकडे जाता जाता ४०० च्या आसपास येतो. नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक, असे तिथले लोक आपल्या हवामानाबद्दल म्हणतात. जमीन म्हणावी तर ती जमीनच नव्हे. पापुद्र्यापापुद्र्यांचा शिस्ट खडक उभ्या चढावर पसरलेला आहे. माणसांनी पहारीने आणि सुरुंगाने तो फोडला, निघालेल्या दगडांचे बांध रचले आणि बांधामागे त्याच खडकाचा चुरा भरून वेल लावले. खडकाच्या उभ्या भेगांतून मुळे पाण्याच्या शोधात खूप खोल उतरतात आणि दिवसभर तापलेला दगड रात्री वेलाला ऊब देतो. या चढावर वेलाखेरीज ऑलिव्ह, बदाम अशी मोजकीच झाडे तग धरतात. म्हणून तिथल्या शेतकऱ्याला पर्याय फारसा कधी नव्हताच, आणि पुढची सगळी कथा याच अगतिकतेवर उभी आहे.

या खोऱ्यातल्या द्राक्षांपासून पोर्ट बनते ती अशी. तौरिगा नासिओनाल, तौरिगा फ्रांका, तिंता रोरीज अशा अनेक जातींची द्राक्षे, जुन्या बागांत तर एकाच वाफ्यात मिसळून लावलेली, ग्रॅनाइटच्या उथळ हौदांत ओततात आणि पायांनी तुडवतात. यंत्रे आली असली तरी उत्तम मालासाठी काही घराणी अजूनही तुडवणीच पसंत करतात, कारण पावलाखाली सालीचा रंग आणि तुरटपणा रसात उतरतो, पण बी फुटून कडवट होत नाही. रस आंबू लागला की दोन-तीन दिवसांत, साखर साधारण निम्मी उरलेली असताना, त्यात द्राक्षांचाच ७७ टक्के मद्यार्काचा अर्क ओततात. आंबण्याची क्रिया तिथेच थांबते, गोडी रसात राहते आणि वाईनची तीव्रता २० टक्क्यांच्या घरात जाते. जुने प्रमाण ४३५ लिटर रसाला ११५ लिटर अर्क असे आहे. दोन्ही मिळून ५५० लिटरचे एक पिंप होते. हे आकडे लक्षात ठेवावेत, पुढे त्यांचे काम आहे.

तयार वाईन पूर्वी चपट्या तळाच्या शिडाच्या होड्यांतून पोर्तोसमोरच्या गाया गावातील वखारींत येत असे. रुबी प्रकारात ताज्या काळ्या फळांची गोडी आणि गडद रंग टिकवलेला असतो. टॉनी लाकडी पिंपांत वर्षानुवर्षे मुरते, तिचा लाल रंग विरून तांबूस-पिवळा होतो आणि तिला सुक्या अंजिराचा, अक्रोडाचा वास येतो. सर्वांत मानाची व्हिंटेज पोर्ट दरवर्षी जाहीर होत नाही. वर्ष तसे नसेल तर मोठी घराणीही गप्प बसतात आणि माल साध्या प्रकारांत मिसळतात. गोव्याच्या सहलीहून इंदुरात परतणारे लोक ‘पोर्ट वाईन’ म्हणून जी स्वस्त, गोड बाटली भेट म्हणून आणतात, तिचा या खोऱ्याशी काडीचा संबंध नसतो. ‘पोर्तो’ आणि ‘डोरो’ या दोन्ही नावांची आपल्या देशाच्या मानांकन नोंदवहीत नोंद झालेली आहे, तरीही हे चालते. म्हणजे नोंद आणि राखण यांत किती अंतर असू शकते याचा पहिला पुरावा आपल्याच फडताळात आहे.

डोरोवर संकट आले ते भरभराटीच्या पोटी. १७०३ च्या मेथ्युएन करारानंतर इंग्लंडमध्ये पोर्तुगीज वाईनवर फ्रेंच वाईनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात बसू लागली. मागणी इतकी वाढली की मिळेल तिथली द्राक्षे डोरोची म्हणून पिंपांत जाऊ लागली, फिक्या वाईनला रंग यावा म्हणून एल्डर झाडाच्या काळ्या फळांचा रस आणि गोडीसाठी साखर पडू लागली. अठराव्या शतकाच्या मध्यावर भाव कोसळले. १७५४ मध्ये पोर्तोच्या इंग्रज व्यापाऱ्यांनी खोऱ्यातल्या आपल्या अडत्यांना दोष देणारे पत्र लिहिले. अडत्यांनी उलट सुनावले की असा गडद आणि जळजळीत माल तुम्हीच मागत होता. दोघांचेही खरे होते. भेसळ ही बाहेरच्या कोणा ठकाची करामत नव्हती; शेतकरी, अडते आणि निर्यातदार या तिघांनी मिळून ती वाढवली होती.

त्या वेळी पोर्तुगालचा कारभार पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्ध झालेल्या मंत्र्याच्या हाती होता. १७५५ च्या भूकंपात लिस्बन जमीनदोस्त झाले होते आणि खजिन्याला वाईनच्या उत्पन्नाची नितांत गरज होती. १० सप्टेंबर १७५६ रोजी राजाच्या सनदेने एक कंपनी स्थापन झाली आणि खोऱ्याची हद्द आखण्याचे काम सुरू झाले. टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने १७१६ मध्येच क्यांतीसह चार प्रदेशांच्या हद्दी फर्मानाने ठरवल्या होत्या, पण डोरोत ही हद्द कागदावर न राहता डोंगरावर उतरली. पुढच्या काही वर्षांत ३३५ ग्रॅनाइटचे खांब रोवले गेले आणि कोणत्या बागेची वाईन इंग्लंडला जाण्याच्या लायकीची, कोणती देशातच विकायची, याची प्रतवारी झाली. भाव ठरवले गेले. खोऱ्यातली एल्डरची झाडे मुळासकट उपटण्याचा हुकूम निघाला. (याच सुमारास आपल्याकडे माळव्यात होळकर-शिंद्यांचा अंमल बसला होता आणि चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतल्याला जेमतेम सतरा वर्षे झाली होती; मराठी माणसाला पोर्तुगीज ठाऊक आहेत ते किल्ल्यांमुळे, बागाईतीच्या कायद्यामुळे नव्हेत, हे जरा आश्चर्याचेच.)

यातला एल्डरच्या झाडांचा हुकूम मला सर्वांत बोलका वाटतो. खांब रोवणे सोपे, कारण ते बाहेरच्याला अडवतात. झाड उपटायला लावणे म्हणजे आतल्या माणसाच्या अंगणात जाऊन तुझी सवय सोड असे सांगणे. डोरोच्या नावाला वजन आले ते या दुसऱ्या प्रकारच्या कामातून, आणि ते एका हुकुमाने संपलेही नाही. जोसेफ जेम्स फॉरेस्टर या पोर्तोतल्या इंग्रज व्यापाऱ्याला १८४४ मध्ये भेसळीविरुद्ध पुस्तिका लिहून आपल्याच व्यवसायबंधूंचा रोष ओढवून घ्यावा लागला. विसाव्या शतकात प्रत्येक बागेला उंची, उतार, सूर्याची दिशा, माती, वेलांचे वय आणि जात अशा बारा निकषांवर गुण देऊन ‘ए’ ते ‘एफ’ अशी प्रतवारी झाली, आणि कोणत्या बागेने किती रसात अर्क मिसळावा याचा कोटा त्यावरून दरवर्षी ठरू लागला. निर्यातदाराला वर्षभरात आपल्या साठ्याच्या एक तृतीयांशाहून अधिक माल विकता येत नसे. प्रत्येक माल सरकारी संस्थेच्या चाखणी मंडळापुढे जातो, आणि तिथे नापास झाला तर त्या बाटलीवर पोर्ट हे नाव येत नाही.

आता दुसरी बाजू. पोंबालच्या कंपनीला केवळ प्रतवारीचे काम दिले असते तर गोष्ट वेगळी झाली असती. तिला पोर्तोच्या गुत्त्यांना वाईन पुरवण्याचा आणि अर्क विकण्याचाही मक्ता मिळाला, म्हणजे पंचही तीच आणि व्यापारीही तीच. १७५७ च्या फेब्रुवारीत पोर्तोत दंगल उसळली; ती लष्कराने चिरडली आणि अनेकांना फासावर चढवले. ही चूक पुन्हा वेगळ्या रूपात झाली. १९३० च्या दशकात शेतकऱ्यांची सक्तीच्या सभासदत्वाची संस्था, कासा दो डोरो, उभी राहिली. बागांची नोंदवही तिच्याकडे होती. १९९० मध्ये या संस्थेने एका जुन्या पोर्ट कंपनीचा मोठा हिस्सा विकत घेतला, कर्जात बुडाली आणि तिच्या अधिकारांना ओहोटी लागली.

शेतकऱ्याचे आजचे चित्र तर नावाच्या झळाळीशी अगदी विसंगत आहे. २००१ मध्ये युनेस्कोने वरच्या डोरोचा निसर्ग-मानवनिर्मित परिसर जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. नदीवर पर्यटकांच्या बोटी फिरतात. पण पोर्टचा खप जगभर घटत आहे, आणि ज्या रसात अर्क मिसळता येतो त्याचा कोटा २०२३ मधील १,०४,००० पिंपांवरून २०२५ मध्ये ७५,००० वर आला. कोट्याबाहेरची द्राक्षे साध्या वाईनसाठी कमी भावात द्यावी लागतात, आणि उत्पादनखर्चही निघत नाही अशी ओरड लहान बागायतदार दरवर्षी करतात. त्यात आणखी एक विसंगती आहे. मघाच्या आकड्यांनुसार पोर्टच्या पिंपात पाचवा हिस्सा अर्काचा असतो, आणि हा अर्क डोरोचाच असला पाहिजे अशी अट नाही. १९९० च्या दशकापासून तो खुल्या बाजारातून, मुख्यतः बाहेरून येतो. हद्दीचे एवढे कौतुक करणाऱ्या खोऱ्यातील द्राक्षे वेलावर सुकत असताना त्याच्याच वाईनमध्ये परक्या द्राक्षांचा अर्क मिसळला जातो. नियम कडक होते, पण ते लिहिताना अर्काच्या ओळीपाशी बसायला शेतकरी नव्हता.

हे सारे घेऊन आपण माळव्यात परत येऊ. वस्तूंच्या भौगोलिक मानांकनाचा आपला कायदा १९९९ चा. तो १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला आणि पहिली नोंद दार्जिलिंग चहाची झाली. या कायद्यात मालकी एका संस्थेकडे असते, प्रत्यक्ष उत्पादकाने स्वतंत्रपणे ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नाव नोंदवावे लागते, आणि नोंद दर दहा वर्षांनी नवी करावी लागते. मात्र माल तपासणारी व्यवस्था असलीच पाहिजे, अशी सक्ती अर्ज करणाऱ्यावर नाही. व्यवस्था असल्यास तिचा तपशील द्यावा, एवढेच नियमांत आहे. डोरोत जे काम ३३५ खांबांनी, उपटलेल्या झाडांनी आणि चाखणी मंडळाने केले, ते आपण अर्जातल्या ऐच्छिक रकान्यावर सोपवले आहे.

रतलामी शेवेचे उदाहरण घ्या. तिची नोंद होऊन दशक उलटले. तरीही इंदूरच्या कोणत्याही बाजारात उभे राहिले तर रतलामी म्हणून विकली जाणारी शेव कुठे तळली गेली, हे पाकिटावरून किंवा परातीवरून कळत नाही, आणि विचारणाऱ्याकडे दुकानदार सहानुभूतीने पाहतो. अहमदाबादहून दिल्लीपर्यंत तीच गत. बाहेरच्या शहरांवर दावे लावण्याची भाषा आपले पुढारी करतात, पण ज्या इंदुरात रतलामी नावाने स्थानिक शेव सर्रास खपते, त्याच इंदूरने आपल्या पोह्यांच्या नावावर इतरांनी हक्क सांगू नये असे म्हणणे मला तरी पटत नाही. शेजारच्या जिल्ह्याचे नाव आपण आधी पाकिटांवरून उतरवावे, मग आपला अर्ज करावा. एल्डरचे झाड आपल्या अंगणातही आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही: वाईनचे ठीक आहे, तिच्यात खडक आणि ऊन उतरते, शेव कुठेही गाळता येते, तिच्यात कसला आलाय प्रदेश? आक्षेप अर्धा बरोबर आहे. तळणीच्या हातोटीला हद्द घालता येत नाही. कारागीर रतलामहून इंदूरला आला की हातोटीही आली. म्हणूनच नियम कच्च्या मालापर्यंत न्यावा लागेल. माळव्याच्या काळ्या मातीतला हरभरा, त्याचे बेसन, त्याची खरेदी आणि दळण हे नियमात आले तर मानांकनाचा लाभ शेतापर्यंत जाईल; नाहीतर ते नमकीन कारखानदारांच्या संघटनेचे बोधचिन्ह म्हणून राहील. डोरोतल्या अर्काची ओळ आपण कोरी सोडू नये, एवढेच. दुसरा आक्षेप इन्स्पेक्टर राजचा. त्यालाही आधार आहे, कारण अन्नपदार्थांची तपासणी म्हटले की दिवाळीआधीचे छापे आणि त्यामागचे व्यवहार आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. पण याचा निष्कर्ष तपासणी नको असा निघत नाही. तपासणाऱ्याने विकू नये आणि विकणाऱ्याने तपासू नये, हा निघतो. पोंबालच्या कंपनीची आणि कासा दो डोरोची घसरण नेमकी इथेच झाली.

याहून अवघड आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा प्रश्न शेवेचा नाही, मोहाच्या दारूचा आहे. मध्य प्रदेश सरकारने मोहाच्या दारूला वारसा मद्याचा दर्जा देण्याचे धोरण आखले आणि तिचे उत्पादन आदिवासी बचत गटांपुरते ठेवले. त्यातून आलीराजपूरची ‘मोंड’ आणि दिंडोरीची ‘मोहुलो’ बाजारात आली. ज्या दारूला इंग्रजी अमदानीपासून अबकारी खात्याने गुन्ह्याच्या नजरेने पाहिले, तिला प्रथमच बाटली, नाव आणि गाव मिळाले. भिल्ल आणि भिलाला घरांत मोहाचे फूल जन्म, लग्न आणि मृत्यू या तिन्ही प्रसंगी लागते. चैत्राच्या पहाटे झाडाखाली पडलेली फुले वेचून, वाळवून ठेवणे हे बहुतांशी बायकांचे काम. झाडे कोणत्या पाड्याची, फुले कधी वेचायची, फांद्या तोडायच्या की नाहीत, याचे अलिखित नियम पूर्वीपासून आहेत. डोरोला जे हुकुमाने आणावे लागले त्याचा गाभा इथे आधीच आहे.

दारूला प्रतिष्ठा देऊ नये, असे मानणारे लोक आपल्यात पुष्कळ आहेत आणि व्यसनाने मोडलेली घरे पाहिलेल्या माणसाला मी त्यात दोष देणार नाही. पण सरकार जर विदेशी दारूच्या दुकानांतून महसूल घेतच असेल तर केवळ मोहाच्या बाबतीत नीतीचा मुद्दा काढणे हे पक्षपाताचे आहे. खरा धोका वेगळा आहे. उद्या मोहाला शहरात भाव आला, महागड्या हॉटेलांत ती मिळू लागली, की मोठ्या मद्य कंपन्यांना बचत गटांची अट जाचक वाटू लागेल. मग फुले गोळा करणारी बाई किलोच्या भावाने फुले विकेल, अर्क कुठल्यातरी औद्योगिक क्षेत्रातल्या डिस्टिलरीत निघेल, आणि बाटलीवर मात्र आलीराजपूरचे डोंगर आणि पारंपरिक वेशातली बाई छापलेली असेल. पोर्टच्या बाटलीवरही होडीचे चित्र असतेच.

हे टाळण्याची कायदेशीर जागा उपलब्ध आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना मादक पदार्थांच्या विक्रीवर नियंत्रणाचा आणि गौण वनोपजाच्या मालकीचा अधिकार मान्य केला आहे, आणि मध्य प्रदेशाने त्याचे नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये लागू केले. मोहाच्या दारूचे मानांकन घ्यायचे झाले तर त्याचा मालक अबकारी खाते किंवा एखादे महामंडळ असू नये. ज्या गावांची झाडे नोंदवहीत आहेत त्यांच्या ग्रामसभांचा संघ असावा. नोंदवहीत झाडे पाड्यांनुसार लिहिली जावीत. फूल आणि ऊर्ध्वपातन दोन्ही हद्दीच्या आतच व्हावे, म्हणजे डोरोच्या अर्कासारखी फट राहणार नाही. चाखणी आणि रासायनिक तपासणी करणाऱ्यांना विक्रीत एक पैशाचाही हिस्सा नसावा, आणि मिथेनॉल या विषारी मद्यार्काची तपासणी दारूच्या प्रत्येक खेपेवर व्हावी, कारण एका विषारी बाटलीने हे सगळे एका आठवड्यात संपेल. वाळलेल्या फुलांचा किमान भाव हंगामाआधी, फेब्रुवारीतच, ग्रामसभांनी जाहीर करावा. आणि मागणी घटेल त्या वर्षी कोटा कापला जाणार असेल, तर पहिली कात्री बाटली भरणाऱ्यांवर चालावी की फुले वेचणाऱ्यांवर, हे आत्ताच, बाजार चढता असताना लिहून घ्यावे. उतरत्या बाजारात ते लिहायला कोणी बसू देत नाही.